बिनऔषधाचा पिंजरा

जो रोग आपला आपण ओसरतो, त्यावरच्या औषधाची परीक्षा घेणं सर्वांत कठीण. ब्रॉयलर कोंबड्यांच्या आतड्यातला कॉक्सिडिओसिस हा असाच रोग आहे. शेडवर त्याला कुणी कॉक्सी म्हणतं, कुणी रक्ती हगवण. तो घडवणारा आयमेरिया हा एकपेशीय परजीवी ऊसिस्ट नावाच्या कवचबंद रूपात विष्ठेतून बाहेर पडतो. तुसाच्या गादीत ओल, ऊब आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत पिकतो आणि चोच मारत फिरणाऱ्या पुढच्या पिल्लाच्या पोटात जातो. गिझार्डमध्ये कवच भरडलं जातं, आतून आठ सूक्ष्म जंतू सुटतात आणि आतड्याच्या पेशींत शिरतात. तिथे ते ठरावीक पिढ्या वाढतात, दर पिढीला पेशी फोडून बाहेर येतात आणि शेवटी पुन्हा ऊसिस्ट बनून विष्ठेत उतरतात. जातीनुसार हा फेरा साधारण चार ते सात दिवसांचा असतो. पिढ्या ठरलेल्या असल्यामुळे नवे ऊसिस्ट पोटात गेले नाहीत तर संसर्ग आठवड्याभरात स्वतःच संपतो. गेले, तरी तोवर पिल्लाला त्या जातीपुरती प्रतिकारशक्ती येऊ लागलेली असते.

याचा परिणाम असा की हगवण दिसल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहीही द्या, ते लागू पडल्यासारखं दिसतं. 1920च्या दशकात कॅलिफोर्नियात बीच आणि डेव्हिस या संशोधकांनी खाद्यात तब्बल 40 टक्क्यांपर्यंत दुधाची भुकटी घालायचा सल्ला दिला होता आणि अनेक पोल्ट्रीवाल्यांनी तो मनापासून पाळला. दुधाने पिल्लं सावरली की दूध नसतं तरी सावरलीच असती, हे शेडमध्ये उभं राहून सांगता येणं शक्यच नव्हतं. ते सांगायला त्याच वयाची, त्याच संसर्गाची आणि दूध न मिळालेली पिल्लं शेजारी असावी लागतात. पुढे सल्फा औषधं आली आणि दुधाचा सल्ला मागे पडला. त्याला मागे टाकणारी कसोटी मात्र आपल्याकडच्या पोल्ट्री व्यवहारात अजून रुजलेली नाही. मला या लेखात एवढंच म्हणायचं आहे: खाद्यातलं औषध लागू पडतं की नाही, हे औषध न मिळालेल्या पिंजऱ्याशिवाय आणि त्या त्या शेडमधल्या परजीवीशिवाय ठरवताच येत नाही. या दोन्ही गोष्टी टाळून काढलेल्या निष्कर्षांची किंमत, ज्याने औषध निवडलेलंच नसतं असा शेतकरी मोजतो.

आधी त्या पिंजऱ्याविषयी. औषधाची संवेदनशीलता तपासायची रूढ पद्धत समजायला अवघड नाही. दिवसाची पिल्लं स्वच्छ, निर्जंतुक पिंजऱ्यांत परजीवीचा स्पर्श न होऊ देता सुमारे दोन आठवडे वाढवतात. मग त्यांचे गट पाडतात. एका गटाला ना संसर्ग, ना औषध. दुसऱ्याला संसर्ग दिलेला, पण खाद्य बिनऔषधी. बाकीच्या गटांना संसर्गही आणि प्रत्येकी एकेका औषधाचं खाद्यही. हे खाद्य संसर्गाच्या एक-दोन दिवस आधी सुरू करतात, कारण ही औषधं बहुतेक करून प्रतिबंधासाठी असतात. मोजलेले पिकलेले ऊसिस्ट नळीने पिल्लाच्या गळ्यातल्या अन्नपिशवीत सोडले जातात. सहा-सात दिवसांनी वजनं होतात, खाद्याचा हिशोब होतो, विष्ठेतले ऊसिस्ट मोजले जातात आणि पिल्लांची आतडी उघडून पाहिली जातात.

पहिला गट सांगतो की पिल्लू किती वाढू शकलं असतं. दुसरा सांगतो की परजीवीने किती ओढून नेलं असतं. औषधाचं काम या दोन टोकांच्या मधल्या अंतरावर मोजायचं असतं. दुसऱ्या गटाची पिल्लं फारशी आजारी पडलीच नाहीत तर चाचणी वाया गेली असं समजायचं, कारण दिलेले ऊसिस्ट मेलेले किंवा अपुरे होते आणि अशा चाचणीत पिठूळ पाणीदेखील उत्तम औषध ठरेल. बिनऔषधी गटाचे आकडे न देता ‘आमच्या औषधाने मर दोन टक्क्यांवर आली’ असं सांगणारं पत्रक हातात पडलं की माझा पहिला प्रश्न हाच असतो: कशाच्या तुलनेत?

आणखी एक बाब नेहमी निसटते. एका पेनमधली, म्हणजे शेडमधल्या कुंपण घातलेल्या एका कप्प्यातली, पन्नास पिल्लं एकच खाद्य खातात, एकाच गादीवर एकमेकांच्या विष्ठेत वावरतात, एकाच पंख्याखाली बसतात. त्यांना पन्नास स्वतंत्र पुरावे मानता येत नाही. पुरावा तो एक पेन. म्हणून प्रत्येक खाद्याला अनेक पेन लागतात आणि कोणतं खाद्य कोणत्या पेनला जायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं लागतं. शेडच्या दारापाशी ऊन असतं, टोकाला वारा असतो, पाण्याच्या टाकीजवळ ओल असते, आणि त्या ओलीत आयमेरिया जोरात पिकतो. एक अख्खं शेड नव्या औषधावर आणि शेजारचं जुन्यावर, अशी तुलना आपल्याकडे सर्रास होते. तिच्यात हजारो पक्षी असतात हे खरं, पण पुराव्याच्या हिशोबाने ती फक्त दोन मापं आहेत. त्यातला फरक औषधाचा की छपराचा, हे त्या हजारो पक्ष्यांना विचारून कळत नाही.

आता मोजायचं काय? शेतकरी मर मोजतो, कारण मेलेला पक्षी दिसतो. टेनेला ही जात मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेल्या दोन आंधळ्या पिशव्यांत रक्तस्राव घडवते, विष्ठेत लाल रक्त उतरतं आणि घबराट होते. पण कोंबडीत या परजीवीच्या सात जाती मान्य आहेत आणि ब्रॉयलरला छळणाऱ्या तीन मुख्य जातींपैकी दोन, असर्व्युलिना आणि मॅक्झिमा, बहुधा रक्ताचा गाजावाजा न करता काम करतात. असर्व्युलिना लहान आतड्याच्या सुरुवातीला पांढऱ्या आडव्या रेघा उमटवते. मॅक्झिमा मधल्या भागात बसते, आतडं फुगवते, नारिंगी शेंब साठवते. पक्षी मरत नाही. तो खातो, पण खाल्लेलं अंगी लागत नाही. भारतातल्या 2003-04 या वर्षाचा हिशोब मांडणाऱ्या एका अभ्यासाने कॉक्सिडिओसिसचं देशातलं नुकसान सुमारे 114 कोटी रुपये काढलं होतं. त्यातला 95 टक्क्यांहून अधिक भार ब्रॉयलरवर होता. ब्रॉयलरच्या नुकसानीतही सुमारे 68 टक्के घटलेल्या वजनवाढीचे आणि जवळपास 23 टक्के बिघडलेल्या एफसीआरचे, म्हणजे किलोभर वजनासाठी लागणाऱ्या खाद्याच्या प्रमाणाचे, होते. मर, औषधोपचार, लस हे सगळं उरलेल्या दहा टक्क्यांच्या आत. आकडे जुने आहेत आणि तेव्हापासून धंदा कित्येक पटींनी वाढला आहे. तरी प्रमाण फार उलटंपालटं झालं असेल असं मला वाटत नाही, कारण परजीवीची रीत बदललेली नाही. तेव्हा मर हा निकष धरून घेतलेली चाचणी नुकसानीच्या नव्वद टक्के भागाकडे पाठ फिरवून बसलेली असते.

म्हणूनच आतडी उघडावी लागतात. जॉर्जिया विद्यापीठातल्या जॉइस जॉन्सन आणि माल्कम रीड यांनी 1970 साली आतड्यावरच्या जखमांना शून्य ते चार गुण देण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि आजही जगभर तीच चालते. शून्य म्हणजे निरोगी आतडं. चार म्हणजे टेनेलाच्या बाबतीत रक्ताने किंवा घट्ट गाठींनी टम्म फुगलेल्या पिशव्या. या रोगाने मेलेल्या पक्ष्यालाही चार गुण. पद्धत साधी आणि स्वस्त आहे. धारदार कात्री आणि शिकलेले डोळे एवढंच लागतं. पण त्या डोळ्यांना हा पक्षी कोणत्या गटातला हे ठाऊक असता कामा नये. दोन आणि तीन यांच्या मधलं आतडं समोर आलं की ‘हा औषधाचा पक्षी’ ही माहिती हात नकळत दोनकडे वळवते. यात लबाडी असावीच लागत नाही. प्रामाणिक माणसाचंही असंच होतं. पिंजऱ्यांना फक्त क्रमांक द्यायचे आणि यादी दुसऱ्याच्या खिशात ठेवायची, एवढ्याने ते टळतं. बिनखर्चाची ही काळजी घेतली होती की नाही, यावरून चाचणी कितपत गंभीरपणे घेतली होती ते मी ओळखतो.

जखमांचे गुणही एकटे पुरत नाहीत. लस मिळालेल्या किंवा आधी हलका संसर्ग होऊन गेलेल्या पक्ष्याच्या आतड्यावर रेघा दिसू शकतात आणि त्याचं वजन मात्र छान वाढलेलं असतं. उलट, जखम कमी पण वाढ खुंटलेली, असंही आढळतं. कधी कधी तो औषधाचाच त्रास असतो. मॅड्युरामायसिन टनामागे 5 ग्रॅम एवढंच लागतं आणि मिसळताना ते दुप्पट पडलं तर पक्ष्याची वाढच मार खाते. म्हणून वजनवाढ, जगण्याचं प्रमाण, जखमा आणि ऊसिस्ट या चारांना एकत्र बांधणारे निर्देशांक वापरात आले. त्यांतला प्रचलित निर्देशांक 180च्या वर गेला तर औषध चांगलं लागू पडतं आणि 120च्या खाली उतरला तर ते निकामी मानतात. एक आकडा हाती आला की सोय होते, पण त्याच्या पोटात काय दडलंय ते बघितल्याशिवाय मी त्यावर विसंबणार नाही. उत्तम वजन आणि भरमसाट ऊसिस्ट यांच्या बेरजा-वजाबाक्यांतून एक मध्यम आकडा निघतो. त्याचा अर्थ या बॅचला काही झालं नाही, पण गादीत पुढच्या बॅचची तरतूद होऊन बसली आहे.

इथे या विषयातला मला सर्वांत विचार करायला लावणारा भाग येतो. आपल्याला वाटतं, परजीवीचा पूर्ण नायनाट करणारं औषध सर्वांत चांगलं. पिंजऱ्यातल्या आठवड्याच्या चाचणीत तेच पहिलं येतं. पण ब्रॉयलर पिंजऱ्यात वाढत नाही. तो पाच-सहा आठवडे तुसाच्या गादीवर वाढतो आणि तिथे पक्षी आणि परजीवी यांची रोज गाठ पडते. औषधाने परजीवीचा एकही जंतू आतड्यात टिकू दिला नाही तर पक्ष्याला प्रतिकारशक्ती येत नाही, आणि विक्रीआधी औषधाचं खाद्य थांबलं किंवा पुढचं औषध कमी पडलं की शेवटच्या आठवड्यात, म्हणजे सगळ्यात महाग खाद्य खाऊन झाल्यावर, रोग उसळतो.

याउलट 1971 साली अमेरिकेत ब्रॉयलरसाठी आलेलं मोनेन्सिन. एका स्ट्रेप्टोमायसिसपासून मिळालेलं हे द्रव्य आयनोफोर या गटातलं. ते पेशीत शिरू पाहणाऱ्या जंतूच्या आवरणातून सोडियमचे आयन आत ओढतं. ते बाहेर उपसता उपसता जंतूची शक्ती संपते आणि तो फुगून फुटतो. पण सगळे फुटत नाहीत. थोडे निसटतात, आतड्यात वाढतात, आणि त्या थोड्यांमुळे पक्ष्याला हळूहळू प्रतिकारशक्ती येते. तेव्हाची रासायनिक औषधं काही वर्षांत, क्विनोलोन गटातली तर फार लवकर, निकामी होत होती. आयनोफोरांना मात्र पन्नास वर्षांनंतरही बाजारात जागा आहे. त्यांच्या या टिकाऊपणात त्यांच्या अपुरेपणाचा मोठा वाटा आहे, हे पिंजऱ्यातल्या आठवडाभराच्या गुणपत्रिकेत कधीच दिसलं नसतं. ते दिसायला गादीवरच्या पेनमधली 42 दिवसांची चाचणी लागते, विक्रीच्या वजनापर्यंत नेलेली. पिंजऱ्यातली चाचणी कोणतं औषध अजून जिवंत आहे ते सांगते. गादीवरची चाचणी ते वापरून हाती काय पडेल ते सांगते. पहिलीवर थांबणारा अर्ध्या वाटेत थांबतो, पण आपल्याकडे बहुतांश निर्णय पहिलीपर्यंतही पोचत नाहीत, म्हणून मी आधी तिच्यासाठी आग्रह धरतो.

आता दुसरा मुद्दा: चाचणी कुणाच्या परजीवीवर? प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं सांभाळलेल्या, औषधाचं तोंडही न पाहिलेल्या आयमेरियावर जवळजवळ प्रत्येक औषध छान चालतं. मंजुरीसाठी ते आवश्यकही आहे. पण सातारा किंवा सांगलीकडच्या एखाद्या शेडमध्ये सहा वर्षं एकच औषध खाद्यातून जात असेल तर तिथल्या गादीतला परजीवी वेगळाच असतो. त्या औषधाला बळी पडणारे मरून गेले आणि उरलेल्यांचीच प्रजा वाढली. 1948पासून सल्फाक्विनॉक्सॅलिन खाद्यातून सतत दिलं जाऊ लागलं, तेव्हापासूनचा या औषधांचा इतिहास म्हणजे एकामागून एक हत्यारं बोथट होण्याचा इतिहास आहे. पिशवीवर छापलेली परिणामकारकता ज्या दिवशी मोजली त्या दिवशीची आणि ज्या परजीवीवर मोजली त्याचीच असते. तुमच्या शेडमध्ये ती किती उरली आहे, याचं उत्तर पिशवीकडे नाही. ते तुमच्या तुसात आहे.

तुसातून ते काढता येतं. गादीचे आणि ताज्या विष्ठेचे नमुने गोळा करायचे, पोटॅशियम डायक्रोमेटच्या द्रावणात ठेवून ऊसिस्ट पिकवायचे, स्वच्छ पिल्लांत एकदा वाढवून त्यांची संख्या पुरेशी करायची आणि मग वर सांगितलेली चाचणी बाजारातल्या पाच-सहा औषधांवर एकाच वेळी घ्यायची. महिना-दीड महिन्याचं काम आहे. त्यातून कळतं की कोणतं औषध अजून धरून आहे, कोणतं सैल पडलंय, कोणतं सोडून द्यायला हवं. औषधं आलटूनपालटून वापरणं किंवा पिल्लांच्या खाद्यात एक आणि नंतरच्या खाद्यात दुसरं ठेवणं हे उपाय आपल्याकडे चालतात, पण निवड बहुधा अंदाजाने, दराने किंवा विक्रेत्याच्या ओळखीने होते. संवेदनशीलता न तपासता केलेल्या आलटापालटीत एका निकामी औषधाकडून दुसऱ्या निकामी औषधाकडे जाण्याची शक्यता पुरेपूर असते. औषधाला न जुमानणाऱ्या परजीवीच्या जागी पुन्हा हळवा परजीवी आणण्याचाही एक मार्ग आहे. औषधांशी कधी गाठ न पडलेल्या जातींची जिवंत लस काही बॅचना दिली की गादीत हळव्या परजीवींची प्रजा वाढते आणि जुन्या औषधाला धार परत येऊ शकते. पण ती आली की नाही, हे कळायलासुद्धा तीच चाचणी हवी.

हवामानाचंही तसंच. निकार्बाझिन हे 1955पासूनचं जुनं औषध. परजीवी त्याला फारसे सरावलेले नाहीत, म्हणून पिंजऱ्यात ते बऱ्याचदा अव्वल ठरतं. पण त्याने पक्ष्याची उष्णता सोसण्याची ताकद घटते हे पक्कं माहीत आहे. चोवीस अंशांच्या खोलीत घेतलेल्या चाचणीत हा दोष उघडा पडत नाही. विदर्भातल्या मे महिन्यात पडतो. अँप्रोलियमची गोष्ट वेगळी. ते थायमिन म्हणजे ब-1 जीवनसत्त्वासारखं दिसून परजीवीला फसवतं, म्हणून त्याच वेळी खाद्यातून किंवा पाण्यातून भरपूर ब-1 दिलं तर औषधाचा जोर कमी होतो. आजारी पक्ष्यांना अँप्रोलियम आणि सोबत ताकदीसाठी बी-कॉम्प्लेक्स देण्याची आपल्याकडची सवय या दृष्टीने तपासून घ्यायला हवी. चाचणी जिथे औषध वापरायचं तिथल्या उकाड्यात, तिथल्या खाद्यावर आणि तिथल्या सवयींसह व्हायला हवी, ती यासाठी.

वनस्पतिजन्य पुड्यांचं काय, असा प्रश्न हटकून येतो. माझा त्यांना विरोध नाही. आर्टेमिसिया या वनस्पतीतल्या आर्टेमिसिनिनने टेनेलाच्या जखमा कमी केल्याचं नियंत्रित प्रयोगांत दिसलं आहे, तेव्हा या वाटेत काहीच नाही असं म्हणणं चूक ठरेल. पण ‘नैसर्गिक’ म्हटल्यामुळे परीक्षेतून सूट मिळता कामा नये. त्याच पिंजऱ्यांत, त्याच संसर्गावर, बिनऔषधी गटाच्या शेजारी बसवा आणि निकाल येईल तो मान्य करा. आपल्याकडच्या अनेक पुड्यांची सारी ख्याती, रोग आपोआप ओसरण्याच्या दिवसांत त्या दिल्या गेल्या एवढ्यावर उभी असावी, अशी मला दाट शंका आहे.

चाचणी काय विचारते यावर तिचं उत्तर अवलंबून असतं, याचा एक धडा अमेरिकेतून मिळतो. रॉक्सारसोन हे आर्सेनिकयुक्त औषध तिथे 1944 साली मंजूर झालं आणि कॉक्सिडिओसिसच्या नियंत्रणासाठी, वाढीसाठी, मांसाच्या रंगासाठी दशकानुदशकं कोंबड्यांच्या खाद्यात पडत राहिलं. पक्षी वाढतो का, जखमा कमी होतात का, या प्रश्नांना ते समाधानकारक उत्तर देत होतं. कोंबडीच्या यकृतात अकार्बनी, म्हणजे अधिक घातक, आर्सेनिक वाढतं का, हा प्रश्न तिथल्या अन्न व औषध प्रशासनाच्या शास्त्रज्ञांनी नव्या पद्धतीने विचारला, तेव्हा उत्तर ‘हो’ आलं आणि 2011 साली उत्पादकाने विक्री थांबवली. औषधी खाद्याची चाचणी कोंबडीच्या आतड्यापाशी थांबू नये. मांस, यकृत आणि शेतात खत म्हणून जाणारं तूस इथवर तिने जायला हवं. आपल्याकडे बॅच उचलली की गादी थेट ऊस-भाजीपाल्याच्या शेतात जाते. त्यामुळे या प्रश्नातून आपली सुटका नाही.

आयनोफोरांविषयीही असाच वाद आहे. युरोपीय संघाने 2006 पासून वाढीसाठी दिली जाणारी प्रतिजैविकं खाद्यातून काढली, पण कॉक्सिडिओसिसवरची औषधं राहू दिली. अमेरिकेत आयनोफोर प्रतिजैविकांतच मोजले जातात, म्हणून ‘प्रतिजैविकं कधीच नाहीत’ असा शिक्का हवा तर ते सोडावे लागतात. 2023 साली टायसन या तिथल्या कोंबडी-मांस कंपनीने तो शिक्का सोडून माणसांच्या उपचारात महत्त्वाची नसलेली औषधं वापरण्याकडे परतायचं ठरवलं. नॉर्वेच्या ब्रॉयलर उद्योगाने उलट दिशेने जाऊन 2016पर्यंत नारासिन हे आयनोफोर थांबवलं. या दोन्ही वाटांवर पक्ष्यांचं काय होतं हे मोजणं शक्य आहे आणि मोजायला हवं, कारण आयनोफोर काही आतड्यातल्या जिवाणूंनाही आवरतात. ते काढले की परजीवीने केलेल्या जखमांवर क्लॉस्ट्रिडियम हा जिवाणू येऊन बसतो आणि आतडं सडतं. म्हणजे कित्येक चाचण्यांत आयनोफोरच्या नावावर जमा झालेली वजनवाढ परजीवी मारल्याची किती आणि जिवाणू आवरल्याची किती, हे वेगळं काढलेलंच नसतं.

एक आक्षेप मी टाळणार नाही. बिनऔषधी संसर्गित गटाची पिल्लं मुद्दाम आजारी पाडली जातात, काही मरतात, उरलेली आतडी पाहण्यासाठी मारली जातात. हे हलकं काम नाही. संसर्गाची मात्रा वाढ रोखण्याइतकीच ठेवणं, गटात हवीत तेवढीच पिल्लं घेणं आणि फार खचलेलं पिल्लू दिवस पुरे होण्याची वाट न बघता वेदनारहित संपवणं हे बंधनकारकच असायला हवं. पण ही चाचणी न घेण्यात दया आहे असं मला वाटत नाही. 20व्या पशुगणनेनुसार 2019 साली देशात 85 कोटींहून अधिक कुक्कुट पक्षी होते आणि त्यातले महाराष्ट्रात 7 कोटी 40 लाखांवर. निकामी औषधाचं खाद्य खाणारं प्रत्येक शेड हा एक असा बिनऔषधी गटच असतो. फरक इतकाच की त्यात वीस-तीस पिल्लं नसून हजारो असतात आणि त्यांच्या दुखण्यातून कुणी काही शिकत नाही.

आणि मग शेतकरी. महाराष्ट्रातला बराचसा ब्रॉयलर आता करार पद्धतीने वाढतो. पिल्लं, खाद्य, औषधं कंपनीची. शेड, तूस, वीज, पाणी, रात्रीची जाग शेतकऱ्याची. मोबदला किलोमागे ठरतो आणि उत्पादनखर्च किंवा एफसीआर ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की तो कापला जातो. खाद्यात परजीवीवर कोणतं औषध आहे, ते किती काळ तेच आहे, त्याची परीक्षा कधी झाली, हे त्या शेतकऱ्याला सहसा सांगितलं जात नाही. त्यामुळे औषध बोथट झालं की एफसीआर बिघडतो आणि ठपका व्यवस्थापनावर येतो: गादी ओली ठेवलीत, पाण्याचे निपल गळत होते, राखण नीट केली नाहीत. यातलं काही खरंही असतं. ओल्या गादीवर कोणतंही औषध टिकत नाही. पण ओलीचा दोष किती आणि औषधाचा किती, हे वेगळं करणारी एकमेव गोष्ट म्हणजे चाचणी, आणि ती मागण्याचा अधिकार आज ज्याचा मोबदला कापला जातो त्याच्याकडे नाही. मला हे अन्यायाचं वाटतं. खाद्याच्या पावतीवर परजीवीरोधक औषधाचं नाव आणि मात्रा लिहिलेली असावी, खाद्याचा एक सीलबंद नमुना शेतकऱ्याकडे राहावा, आणि वर्षातून एकदा त्या भागातल्या शेडांच्या एकत्रित नमुन्यांवर झालेल्या चाचणीचा अहवाल मराठीत त्याला मिळावा, या मागण्या करार करतानाच मान्य व्हायला हव्यात.

नमुना ठेवण्यामागे कारण आहे. टनभर खाद्यात साठ-सत्तर ग्रॅम औषध सारखं पसरवणं हे मिक्सरच्या आणि माणसाच्या कसबाचं काम आहे. एका पोत्यात दुप्पट आणि दुसऱ्यात निम्मं पडलं तर पहिल्याने पक्षी सुस्तावतो आणि दुसऱ्याने परजीवी सरावतो. चाचणीच्या खाद्याचं रासायनिक पृथक्करण न करता ‘औषध लागू पडलं नाही’ असं म्हणणारा अहवालही मी मान्य करत नाही. औषध होतं की नाही हेच तिथे सिद्ध झालेलं नसतं. हा नियम कंपनीच्या बाजूचाही आहे, म्हणून तो त्यांनी नाकारायचं कारण नाही.

हे करणार कोण? मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886पासून उभं आहे, नागपूरला पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे, शिरवळचं महाविद्यालय तर पुणे-सातारा पट्ट्यातल्या शेडांच्या मधोमध आहे. परजीवीशास्त्राचे विभाग आहेत, सूक्ष्मदर्शक आहेत, कात्री चालवू शकणारे विद्यार्थी आहेत. पिंजऱ्यांची एक बंद खोली, स्वच्छ पिल्लांचा पुरवठा आणि खाद्य मिसळायचं छोटं यंत्र एवढी भर घातली तर चाचणीची कायमची सेवा सुरू होऊ शकते. खर्च कंपन्यांनी पिल्लामागे काही पैसे देऊन उचलावा, निकाल मात्र विद्यापीठाने स्वतः, कंपनीची परवानगी न घेता, जिल्ह्यानिहाय जाहीर करावेत. जो पैसे देतो त्याच्याच कपाटात निकाल जाऊन बसला तर पुढच्या वर्षी निम्म्या निकालांचा पत्ता लागणार नाही.

सुरुवातीला एकच हंगाम पुरेल. आपल्याकडे आयमेरियाचा खरा जोर पावसाळ्यात, जूननंतर गादी दमट राहू लागली की येतो. तेव्हा तुसाचे नमुने मार्चच्या अखेरीस उचलावेत, म्हणजे ऊसिस्ट पिकवणं, वाढवणं आणि पिंजऱ्यातली चाचणी उरकून मेच्या मध्यापर्यंत निकाल हाती येतो आणि पावसाळ्यातल्या पहिल्या बॅचच्या खाद्यात कोणतं औषध घालायचं, हे खाद्य दळायच्या आधी ठरवता येतं.